तीन हजारांतला स्नेअर

माझी भाची नववीत आहे. पुण्यात कॅम्पातल्या एका सरांकडे ती ड्रम शिकते. सर मूळचे गोव्याचे, सगळी हयात चर्चमध्ये आणि लग्नाच्या बँडमध्ये वाजवण्यात गेलेली. क्लासमध्ये पूर्ण ड्रमसेट आहे, घरी मात्र सराव चालायचा तो रबरी पॅडवर. पॅडवर हात बसतो, पण रोल काढताना स्नेअर ड्रमच्या तळाशी लावलेल्या तारा कधी बोलतात, काडी किती हलकी धरली की खालची खरखर सलग होते, हे तिथे कळत नाही. ‘बाकी सेट नसला तरी चालेल, पण घरी एक स्नेअर पाहिजे,’ असं सरांनी सांगितलं आणि ताईने मला फोन केला. एकूण तीन हजार रुपये, त्यावर एक पैसा नाही. तिच्या घरचा हिशेब मला माहीत आहे, त्यामुळे मीही वाढवून मागितले नाहीत.

मी भोसरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो आणि गणपतीत पथकात ताशा वाजवतो. त्यामुळे लोखंडही ओळखीचं आणि काडीही. स्नेअर मात्र कधी उघडून पाहिला नव्हता.

तीन हजारांत नवा घ्यायला गेलं तर पातळ पत्र्याचं काहीतरी पदरात पडतं. त्यापेक्षा मोडका पण चांगल्या धातूचा जुना बरा, हे मी आधीच ठरवलं होतं. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी रजा टाकून गेलो. पितळी नळ, मिक्सरची भांडी, बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगाखाली एक ड्रम आडवा पडलेला दिसला. बिल्ल्यावरचं नाव घासून गेलेलं, त्यातलं ‘मेरठ’ एवढंच वाचता येत होतं. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात. तिथल्या नादिर अली अँड कंपनीची स्थापना १८८५ची, आणि आपल्याकडच्या कितीतरी बँडवाल्यांकडे मेरठचीच वाद्यं दिसतात. हा ड्रमही असाच कुठल्यातरी बँडमध्ये खांद्याच्या पट्ट्यावर वरातींतून फिरलेला असणार, कारण पट्टा अडकवायची कडी अजून शाबूत होती.

अवस्था वाईट होती. वरचं पान फाटलेलं, खालचं नव्हतंच. तारा गंजलेल्या आणि निम्म्या ताणून वाकड्या झालेल्या. सोळा बोल्टांपैकी दोन गायब, दोन वाकलेले. तारा चढवायचा-उतरवायचा खटका चढवला की आपोआप घसरत होता. आणि वरच्या काठाजवळ अंगठा मावेल एवढा पोचा. पण निकलचं पाणी जिथे उडालं होतं तिथे खाली पिवळं पितळ दिसत होतं. खिशातला टेप काढून तीन-चार दिशांनी व्यास मोजला, तर सगळीकडे १४ इंचाला किंचित कमी, म्हणजे बाजारात मिळणारं १४ इंची पान बसणार. उभा सांधा नखाने चाचपला, कुठे चीर नव्हती. विकणारा बाराशे म्हणत होता, नऊशेला दिला.

पान, तारा, बोल्ट, वायसर या वस्तू झिजायच्याच. त्या बदलता येतात. शेल, म्हणजे मधलं नळकांडं, लंबगोल झालं किंवा सांध्यात फाटलं तर मात्र कितीही खर्च करा, आवाज नीट लागत नाही. या ड्रमचं शेल गोल होतं. म्हणून पैसा फक्त पानांत आणि तारांत घालायचा, बाकी सगळं हातांनी करायचं, असं घरी येतानाच मनाशी पक्कं केलं. ज्याला कमी पैशांत स्नेअर उभा करायचा आहे त्याने उलटं करू नये. पान आवळणारं चकाकतं कडं आणि नवा खटका घेऊन वर फाटकं पान ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

रविवारी सकाळी भाचीला घेऊन बसलो. सुटा केलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर त्या-त्या जागी मांडायचा, हे तिचं काम. शेलला चिकटलेले लग, म्हणजे ज्यात बोल्ट फिरतो त्या धातूच्या पेट्या, आतून पोकळ होते आणि प्रत्येकात एकेक छोटी स्प्रिंग होती. ड्रमवर थाप पडली की या स्प्रिंगा स्वतःच्या सुरात किणकिणतात. काढून टाकल्या तर आतली चाकी डगमगते, म्हणून त्या तशाच ठेवून भोवती थोडा थोडा कापूस भरला. खर्च काही नाही आणि फरक कानाला लगेच जाणवतो.

कड्यांवरचा गंज काढायला हॉटेलच्या पार्सलबरोबर येणारा अॅल्युमिनियमचा फॉईल चुरगाळून पाण्यात भिजवला आणि घासला. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे गंज निघतो आणि मुलाम्यावर ओरखडे उठत नाहीत. शेलवर मात्र नुसतं साबणाचं पाणी. ताई पितांबरीचा डबा घेऊन आली होती, उघड्या पितळाला तो उत्तमच, पण उरलेला निकल त्याने गेला असता, म्हणून तिला थांबवलं. बोल्ट रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवले, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढले, पुसले, उन्हात वाळवले आणि लगेच तेलाचा हात फिरवला. आंबटात ठेवलेलं लोखंड तसंच कोरडं सोडलं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल होतं.

पोच्याचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. टूलरूममध्ये प्रेस आहे, लेथ आहे, पण पितळी पत्र्यावर हाताने ठोका मारायचं कसब आमच्याकडे कोणाकडे नाही. ते पुण्यात कुठे आहे हे मात्र लहानपणापासून माहीत होतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेचं काम चालतं. घंगाळी, बंब, हंडे, आणि हल्ली दिवाणखान्यात ठेवायच्या शोभेच्या वस्तूही. भांड्याच्या अंगावर शेजारी शेजारी ठोके देऊन जी नक्षी उठवतात त्याला माठारकाम म्हणतात. आळीत शिरण्याआधीच ते ठोके ऐकू येतात.

ज्यांच्याकडे गेलो त्या काकांनी आयुष्यात कधी ड्रम दुरुस्त केला नव्हता. त्यांनी शेल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, बोटाच्या पेराने चारी बाजूंनी वाजवून पाहिलं.

‘पितळ चांगलं आहे. जाडी कमी आहे, पण चांगलं आहे. हा काठ आत का वळवलाय?’

‘काका, त्या काठावरच पान बसतं. सगळा आवाज तिथून. तो सपाट पाहिजे.’

‘म्हणजे पोचा काढताना काठ वर उचलला जाता कामा नये.’

मला वाटलं होतं दिवा लावून पत्रा तापवतील. त्यांनी आधीच सांगितलं, ‘तापवायचं नाही. तापवला की पत्रा मऊ पडतो, मग तुमचा आवाज बदलेल. आणि वरचं पाणीही जाईल.’ हे ऐकून मी निश्चिंत झालो. पितळ ठोकून ठोकून कडक होतं आणि तापवलं की तो कडकपणा जातो, हे आम्ही पुस्तकात शिकलो. काकांच्या ते हातात होतं.

बाहेरून त्यांनी लाकडी ठोकळा टेकवला आणि आतून गोल तोंडाच्या छोट्या हातोड्याने ठोकायला लागले. पोचा जिथे खोल होता तिथे त्यांनी सुरुवातीला हात लावलाच नाही. पोच्याच्या बाहेरच्या कडेने सुरुवात केली, गोल फिरत, प्रत्येक फेरीला थोडं आत सरकत. एकाच जागी दोनदा ठोका पडला तर पत्रा तिथे ताणतो आणि उलट्या बाजूला फुगवटा येतो, हे ते ठोकता ठोकता सांगत होते. ठोके इतके हलके की वाटावं काही होतच नाहीये. पण आवाज बदलत होता. आधी बद्द, मग हळूहळू मोकळा, आणि शेवटी बाकीचं पितळ वाजतं तसाच तिथेही वाजायला लागला. तेव्हा त्यांनी हात थांबवला. नजरेने पाहिलं तर पुसटशी सावली अजून दिसत होती. ‘ती राहू द्या,’ म्हणाले, ‘ती घालवायला गेलो तर पत्रा पातळ होईल.’ मग काठाचा आत वळवलेला भाग ऐरणीच्या कडेवर ठेवून लाकडी मोगरीने सरळ केला. दोनशे रुपये घेतले. त्या कामाला दोनशे कमीच होते, आणि मी तसं बोललोही. त्यांनी जास्त घेतले नाहीत.

काठ खरंच सपाट झाला का, हे डोळ्याने कळत नाही. खिडकीची एक जाड काच घरी पडून होती. ती टेबलावर ठेवली, वर शेल पालथं घातलं, आत पेटती बॅटरी ठेवली, वरून गोधडी टाकली आणि खोलीतला दिवा मालवला. काच आणि काठ यांच्यामध्ये जिथे फट असेल तिथून उजेडाची रेघ बाहेर येते. भाची पोटावर झोपून गोल गोल सरकत पाहत होती. ‘मामा, इथे येतोय. इथे नाही. इथे थोडासा.’ मी स्केचपेनने खुणा करत गेलो. पोच्याची जागा बंद होती. तिच्या शेजारी वीतभर अंतरात उजेड येत होता आणि समोरच्या बाजूला बोटभर. मग काचेवर ३२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला आणि शेल दोन्ही हातांनी, कुठेही जास्त भार न देता, फिरवत राहिलो. काही फेऱ्या, की पुन्हा बॅटरी. आत वळवलेला पत्रा पातळ असतो, त्यामुळे घाई करून भागत नाही. उजेड पूर्ण बंद व्हायला संध्याकाळ झाली.

खालच्या काठाची गोष्ट वेगळी. तिथे बॅटरी लावली तर समोरासमोर दोन ठिकाणी चांगली रुंद रेघ दिसली. भाची म्हणाली, ‘मामा, ही बाजू तर जास्तच खराब आहे.’ ती खराबी नव्हती. तारा शेलच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, तिथे काठ मुद्दाम उतरता केलेला असतो, म्हणजे तारा पानाला सपाट चिकटून बसतात. हा उतार घासून काढला तर तारा टोकांना अधांतरी राहतात आणि ड्रम कायमचा खरखरतो. सरांनी हे मला आधीच बजावलं होतं: ‘वरचा काठ घास, खालच्याला हात लावू नको.’ खालचा मी फक्त कापडाने पुसला.

बोल्टांनी एक दिवस खाल्ला. बाहेरच्या देशांतल्या बहुतेक ड्रमांचे आटे इंचाला चोवीस असतात, आणि संगीताच्या दुकानात सुटे बोल्ट मिळतात ते त्याच मापाचे. आट्यांचा गेज लावला तर या ड्रमचे निघाले इंचाला वीस. पाव इंची व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये इंग्लंडात आट्यांचं जे माप ठरवलं, ते आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपांत अजून जिवंत आहे. दुकानातला बोल्ट दोन फेरे जातो आणि अडकतो. जोर केला तर चाकीचे आटे जातात, म्हणून जोर करायचा नाही. बोहरी आळीत पाव इंची व्हिटवर्थचे लांब बोल्ट सहज मिळाले. चार घेतले. जेवणाच्या सुट्टीत त्यांची षटकोनी डोकी कानशीने घासून चौकोनी केली, ड्रमची चावी बसेपर्यंत. तिथूनच नायलॉनचे वायसर आणले. धातूवर धातू घासला की वाजवताना बोल्ट हळूहळू सैल होतो, नायलॉनने तो जागेवर राहतो. खटक्याची पिन झिजली होती, ती लेथवर नवी काढली आणि मागे एक पातळ वायसर घातला. आता खटका पकडतो, पण त्याची दांडी हलते, ती हलणारच.

आता पैसा जिथे घालायचा तिथे आलो. ताशाची पानं पूर्वी बकऱ्याच्या कातड्याची असत. पावसाळी हवेत ती ढिली पडत, म्हणून मिरवणुकीत कागद पेटवून शेकावी लागत. आमच्या पथकातल्या जुन्या लोकांनी ते केलेलं आहे. स्नेअरलाही तेव्हा वासराचं कातडं असे. १९५०च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टरच्या फिल्मची पानं आली. रेमो कंपनी १९५७ची. तेव्हापासून ड्रमरांची हवेच्या लहरीतून सुटका झाली. सरांनी सांगितलं, वरचं पान देशी घे, चालेल, खालचं चांगलं घे. मी दोन्ही पानं कारखान्यात नेऊन मायक्रोमीटरखाली धरली. वरचं पाव मिलिमीटरला लागून. खालचं ०.०८च्याही आत, वरच्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. एवढ्या पातळ फिल्मला काडीची टोचणी लागली तर ती फाटेल, पण तिच्यावर काडी कधी पडतच नाही. वरून थाप पडली की आतली हवा खालच्या पानाला ढकलते, ते थरथरतं आणि त्याला टेकलेल्या वीस तारा वाजतात. खालचं पान जाड असेल तर हलक्या हाताचा ठोका तारांपर्यंत पोचतच नाही. भाचीचा सगळा सराव हलक्या हाताचा, त्यामुळे खालच्या पानाला नऊशे गेले तरी मला वाईट वाटलं नाही. वरचं साडेतीनशेला मिळालं.

तारा नव्या घेतल्या, साडेचारशेच्या. जुन्यांतल्या वाकड्या तारा मुळापासून कापून टाकल्या तर उरलेल्यांवर काही दिवस निघतात, पण या पट्टीत उरण्यासारखं फार नव्हतं. तारा बांधायला दोरी वापरायची की पट्टी, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘फाटलेलं पान टाकलंस काय? त्याच्याच पट्ट्या काप.’ ती फिल्म ताणत नाही, सपाट बसते आणि फुकट असते. दोन पट्ट्या कापल्या. त्याच फाटक्या पानाच्या कडेने इंचभर रुंदीचं कडं कापून ठेवलं. आस, म्हणजे ठोक्यामागे रेंगाळणारा नाद, जास्त वाटली तर ते वर नुसतं ठेवायचं, आवाज आटोपशीर होतो. अशीच कडी दुकानात पैसे देऊन विकत मिळतात.

मग ड्रम घेऊन आम्ही दोघं सरांकडे गेलो, कारण सूर लावण्याच्या बाबतीत माझी सवय ताशाची. ताशाला तांब्याचं बंद भांडं आणि एकच पान. ते ताणता येईल तेवढं ताणायचं, आवाज कडक निघाला पाहिजे. स्नेअर तसा चालत नाही. सरांनी आधी खालचं पान घेतलं. सगळे बोल्ट बोटांनी टेकेपर्यंत फिरवले, मग चावीने समोरासमोरच्या जोड्या, प्रत्येकाला पाव फेरा. एका बाजूने सरळ गोल फिरत गेलं तर पान तिरकं बसतं. नंतर काडीच्या टोकाने कड्यापासून इंचभर आत, प्रत्येक बोल्टासमोर टकटक करून ऐकलं. जिथे सूर उतरलेला तिथे किंचित चढवायचा, जिथे चढलेला तिथे शेजारच्यासह उतरवून पुन्हा वर आणायचा. वरचं पान खालच्यापेक्षा थोडं सैल. मधोमध तळहाताने दाबलं तेव्हा ते करकरलं, बसलं, आणि पुन्हा सगळं एकदा तपासावं लागलं.

तारा शेवटी. खटका चढवला, स्क्रू हळूहळू आवळत भाचीला मधोमध अगदी हलकं वाजवत राहायला सांगितलं. आधी नुसती ढब, मग ढबीमागून सुटी खरखर, आणि एका क्षणी दोन्ही एकजीव झाल्या. त्यापुढे आवळलं तर तारा गुदमरतात. सर म्हणाले, ‘इथे थांब. ही जागा लक्षात ठेव.’ तिने रोल काढला. पॅडवर महिनोन् महिने घटवलेला तोच रोल, पण इथे तो सलग वाहत होता, आणि काठाजवळ वाजवला तर बारीक, मध्याकडे आणला तर भरदार होत होता. पितळाचा आवाज स्टीलपेक्षा गोल असतो असं सर म्हणतात. माझा कान तेवढा तयार नाही, पण जिथे पोचा होता तिथे आणि समोर आळीपाळीने वाजवून पाहिलं, दोन्हीकडे आवाज सारखा.

शेजारी कोणी बेस गिटार वाजवली की तारा आपोआप झणझणतात. ते पूर्ण जात नाही. तारांच्या दोन्ही टोकांजवळचे खालचे बोल्ट थोडे उतरवले तर कमी होतं, आम्ही तसं केलं आहे. घरी सराव करताना याचा त्रास नाही.

हिशेब ताईला लिहून दिला. ड्रम ९००, तांबटकाका २००, खालचं पान ९००, वरचं ३५०, तारा ४५०, बोल्ट-वायसर-पॉलिशपेपर १२०. एकूण २९२०. उरलेल्या ऐंशी रुपयांत काड्यांची जोडी येत नाही, ती सरांनी दिली. चावी भाचीच्या कंपासपेटीत असते आणि दर आठवड्याला ती स्वतः सूर तपासते. वरचं पान घासलं की पुढचं तिने एकटीने बसवायचं, असं ठरलंय.

सूर लावला त्या दिवशी सरांनी क्लासमधले दोन जुने स्नेअर माझ्या हवाली केले. एकाचा काठ तीन ठिकाणी उजेड सोडतो, तो काचेवर घासून होईल. दुसऱ्याचं कडं वाकलंय आणि शेललाही मार बसलाय, पण तो स्टीलचा आहे. तांबटकाकांना विचारलं तर म्हणाले, ‘स्टील मी करत नाही, पण घेऊन तर या, बघू.’ येत्या रविवारी नेणार आहे.